बालकांचे अपघात व त्यांचा प्रतिबंध

घर, शाळा व क्रीडांगण या ठिकाणी बालकांना अकस्मात होणाऱ्या शारीरिक इजांना सामान्यतः बालकांचे अपघात असे म्हणतात. पडणे, भाजणे व पोळणे, बुडणे, विषबाधा, गुदमरणे, विजेचा धक्का, दंश आणि धारदार वा टोकदार वस्तूंनी होणाऱ्या जखमा हे त्यांचे प्रमुख प्रकार होत. ‘अपघात’ या शब्दाला व्यवहारात दैवयोगाचा अर्थ चिकटलेला आहे. परंतु पद्धतशीर अभ्यास केल्यावर असे आढळते की, अशा इजा विशिष्ट वयात, विशिष्ट जागी व विशिष्ट वस्तूंमुळे पुनःपुन्हा घडतात. जिची पुनरावृत्ती आधी सांगता येते, ती घटना बहुधा टाळताही येते, हे अपघात प्रतिबंधाचे मूलतत्त्व होय.

जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २००४ मध्ये जगात १८ वर्षांखालील सु. ८,३०,००० मुले हेतुपुरस्सर नसलेल्या इजांमुळे मृत्यू पावली. त्यांपैकी सु. २,६०,००० रस्त्यांवरील अपघातांत, १,७५,००० बुडून, ९६,००० भाजून, ४७,००० पडून व ४५,००० विषबाधेने दगावली. यांतील सु. ९५ टक्के मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्न असलेल्या देशांत झाले. मृत्यूखेरीज कायमचे अपंगत्व, अंधत्व, भाजल्याचे व्रण व शिक्षणातील खंड हेही अपघातांचेच परिणाम होत. देवी, घटसर्प, गोवर इ. रोग लसीकरणामुळे नाहीसे झाले किंवा हटत गेले, तसतसे बालमृत्यूंच्या कारणांत अपघातांचे सापेक्ष प्रमाण वाढत गेले.

शास्त्रीय दृष्टिकोन : अपघातांचा विचार साथीच्या रोगांप्रमाणे आश्रयी, कारक व परिसर या तीन घटकांच्या संदर्भात करावा, अशी मांडणी अमेरिकन साथरोगतज्ञ जॉन गॉर्डन यांनी १९४९ मध्ये केली. प्रत्येक इजेच्या मुळाशी यांत्रिक, औष्णिक, विद्युत् वा रासायनिक ऊर्जेचे शरीराला न सोसणारे संक्रमण असते, ही कल्पना पुढे रूढ झाली. तिच्या आधारे विल्यम हॅडन (१९२६–८५) यांनी अपघातापूर्वीची, अपघातसमयीची व अपघातानंतरची अशा तीन अवस्थांत उपाययोजना विभागून दाखविली. उदा., स्वयंपाकघरात भाजण्याच्या अपघाताचा विचार केल्यास ओटा मुलाच्या हाताबाहेर असणे हा पहिल्या, अंगावर सुती कपडे असणे हा दुसऱ्या आणि भाजलेल्या भागावर तत्काळ पाणी ओतणे हा तिसऱ्या अवस्थेतील उपाय ठरतो.

या विचारसरणीतून निघालेला महत्त्वाचा निष्कर्ष असा की, सतत जागरूकतेची अपेक्षा करणाऱ्या उपायांपेक्षा परिसरात एकदाच केलेला बदल अधिक परिणामकारक असतो. घरातील कामे, इतर अपत्ये व मोलमजुरी सांभाळणाऱ्या मातेची नजर क्षणभर ढळणे अपरिहार्य आहे. अपघातानंतर तिला दोष दिल्याने पुढचा अपघात टळत नाही. खिडकीला बसविलेला गज मात्र ती स्वयंपाकघरात असतानाही आपले काम करीत राहतो.

वय व अपघात : अपघाताचे स्वरूप मुलाच्या वाढीच्या टप्प्यानुसार बदलते. चार-पाच महिन्यांचे मूल कुशीवर वळू लागते. ते पलंगावर एकटे ठेवल्यास खाली पडण्याचा धोका असतो. सहा ते नऊ महिन्यांच्या सुमारास ते रांगू लागते, पुढे अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत बारीक वस्तू उचलते आणि ती तोंडात घालते. एक ते चार वर्षे हा सर्वांत धोक्याचा काळ होय. या वयात चालण्याची, चढण्याची व उघडून पाहण्याची क्षमता येते, परंतु परिणामाची जाण आलेली नसते. बालकाचे डोके शरीराच्या मानाने मोठे व जड असल्याने बादलीत किंवा हौदात वाकलेले मूल तोल जाऊन डोक्यावर पडते व त्याला स्वतःला वर उचलता येत नाही. त्याची त्वचा प्रौढापेक्षा पातळ आणि श्वासनलिका अरुंद असते. म्हणून तेवढ्याच गरम पाण्याने ते अधिक खोल पोळते व शेंगदाण्याएवढ्या वस्तूनेही त्याचा श्वास कोंडतो. पाच वर्षांनंतर अपघातांचे क्षेत्र घराबाहेर सरकते. लहान शाळकरी मुलांना वाहनाचा वेग व अंतर यांचा नीट अंदाज करता येत नाही. किशोरवयात साहसाची व बरोबरीच्या मुलांत उठून दिसण्याची ओढ हे एक कारण ठरते.

घरातील अपघात : (१) पडणे : पलंग, जिना, खिडकी, सज्जा व कठडा नसलेली गच्ची या पडण्याच्या नेहमीच्या जागा होत. संक्रांतीच्या सुमारास पतंग उडविताना आकाशाकडे नजर लावून मागे सरकणारी मुले गच्चीवरून पडतात. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार गच्ची व सज्जा यांच्या कठड्याची उंची किमान १ मी. असावी लागते. कठड्यातील उभ्या गजांमधील अंतर १० सेंमी. पेक्षा कमी असावे. आडवे गज शिडीसारखे वापरले जात असल्याने टाळावेत. खिडकीखाली पलंग, खुर्ची वा पेटी ठेवू नये. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागाने १९७२ पासून ब्राँक्स भागात घरोघर भेटी देऊन खिडक्यांसाठी मोफत संरक्षक गज पुरविले. तेथील मुलांच्या खिडकीतून पडण्याच्या घटना दोन वर्षांत सु. निम्म्याने घटल्या व १९७६ मध्ये लहान मुले राहत असलेल्या सदनिकांना असे गज बसविणे शहरात बंधनकारक झाले. भारतीय शहरांतील खिडक्यांना लोखंडी जाळी सामान्यतः चोरांपासून संरक्षण म्हणून बसवितात. बालकांच्या दृष्टीनेही ती उपयुक्त आहे. मात्र आग लागल्यास बाहेर पडता यावे यासाठी तिचा एक भाग आतून उघडणारा असावा.

(२) भाजणे व पोळणे : लहान मुले ज्वालेपेक्षा गरम द्रवाने अधिक वेळा पोळतात. चहाचा कप, आमटीचे पातेले, भाताची पेज व स्नानासाठी काढलेले पाणी ही त्याची नित्याची कारणे होत. जमिनीवरील चूल किंवा शेगडी ओट्यावर घेणे, पातेल्याचा दांडा आत वळविणे, मुलाला कडेवर घेऊन चहा न पिणे व बादलीत प्रथम थंड पाणी घेऊन मग त्यात गरम पाणी मिसळणे या साध्या सवयींनी यांपैकी पुष्कळ अपघात टळतात. ६०° से. तापमानाच्या पाण्याने प्रौढाची त्वचाही सु. ५ सेकंदांत खोलवर पोळते; ४९° से. ला तेवढी इजा होण्यास काही मिनिटे लागतात. या फरकाच्या आधारे अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने १९८३ मध्ये नवे घरगुती जलतापक ४९° से. ला लावूनच विकावेत असा कायदा केला. दिवाळीत मुलांच्या हाती दिली जाणारी फुलबाजीही सु. १,०००° से. इतकी तप्त होते. विझलेली फुलबाजी पाण्याच्या बादलीत टाकावी, न उडालेला फटाका पुन्हा पेटवू नये आणि फटाके वाजविताना सैल व कृत्रिम धाग्यांचे कपडे टाळावेत.

(३) बुडणे : बालक काही सेंमी. खोल पाण्यातही बुडू शकते व बुडताना ते बहुधा ओरडत नाही; म्हणून जवळ असलेल्यांनाही ते कळत नाही. बादल्या वापरानंतर पालथ्या ठेवणे, हौद व जमिनीतील टाकी यांना मुलाला न उचलता येणारे झाकण बसविणे आणि विहिरीला पुरेसा उंच कठडा बांधणे आवश्यक असते. महाराष्ट्रात शेततळ्यांची संख्या वाढली असून २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ ही शासकीय योजना राबविण्यात आली. प्लॅस्टिकच्या अस्तरामुळे अशा तळ्याचे काठ निसरडे होतात व पाण्यात पडलेल्या माणसास, पोहता येत असूनही, वर चढणे कठीण जाते. म्हणून तळ्याभोवती कुंपण आणि काठावरून पाण्यात सोडलेले गाठींचे दोर किंवा तरंगते टायर ठेवणे अगत्याचे होय. बांगला देशातील ग्रामीण भागात एक ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाच्या कामाच्या वेळी गावातील बालसंगोपन केंद्रात सांभाळण्याचा आणि त्यांहून मोठ्या मुलांना पोहणे शिकविण्याचा उपक्रम २००५ नंतर करण्यात आला. केंद्रात जाणाऱ्या मुलांत बुडून होणारे मृत्यू चार-पंचमांशांहून अधिक कमी आढळले. आई कामात असते नेमक्या त्याच वेळी मुले बुडतात, हे निरीक्षण या योजनेच्या मुळाशी होते.

(४) विषबाधा : घरगुती विषबाधेचे मुख्य कारण म्हणजे विषारी पदार्थ खाद्यपदार्थांच्या भांड्यात ठेवण्याची सवय. पाण्याच्या वा शीतपेयाच्या बाटलीत ठेवलेले रॉकेल, फिनेल, अम्ल किंवा कीटकनाशक मूल सहज पिते. डांबराच्या गोळ्या, कापूर, उंदीर मारण्याचे औषध, लोहाच्या गोळ्या आणि वडीलधाऱ्यांची मधुमेह व रक्तदाब यांवरील औषधे हीही धोकादायक असतात. औषधाला ‘गोळी-चॉकलेट’ म्हणून मुलाला भुलवू नये. अमेरिकेत १९७० च्या कायद्याने औषधांना मुलांना न उघडता येणारी झाकणे सक्तीची करण्यात आली आणि त्यानंतर ॲस्पिरिनच्या विषबाधेने होणारे बालमृत्यू झपाट्याने घटले. भारतात सर्वच औषधांना अशी झाकणे नसल्यामुळे उंचावरील व कुलूपबंद कपाट हाच भरवशाचा उपाय होय. शेतकरी कुटुंबात फवारणीची औषधे राहत्या घराबाहेर कुलपात ठेवावीत आणि रिकामे डबे कोणत्याही कामासाठी पुन्हा वापरू नयेत.

(५) गुदमरणे : शेंगदाणे, फुटाणे, सुपारी, चिंचोके, मणी, नाणी व फुटलेल्या फुग्यांचे तुकडे श्वासमार्गात अडकतात. चार-पाच वर्षांखालील मुलांना दाणे अख्खे न देता कूट करून द्यावेत. खाताना मुलास हसवू वा पळवू नये. खेळणी, घड्याळे व दूरनियंत्रक यांतील गोल चपटा विद्युत् घट गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांच्या आतही तेथील ऊतक जळू शकते. म्हणून लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. भारतात खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणन १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे. तान्ह्या बाळासाठी बांधलेल्या साडीच्या झोळीत मोठी भावंडे गोल फिरून खेळतात आणि पीळ पडून गळ्याला फास बसतो. वापर नसताना झोळी सोडून ठेवणे किंवा उंच गुंडाळून ठेवणे हा त्यावरील उपाय होय.

(६) विजेचा धक्का : उघड्या तारा, खालच्या उंचीवरील विजेची खोबणी, पाण्यात बुडविलेला तापक व भूसंपर्कन नसलेली उपकरणे यांपासून धोका संभवतो. विदर्भात उन्हाळ्यात वापरल्या जाणाऱ्या पाण्याच्या कूलरच्या पत्र्यात वीज उतरून मुले दगावतात. कूलरमध्ये पाणी भरण्यापूर्वी त्याची खटकी काढणे, कूलरला योग्य भूसंपर्कन देणे व घराच्या वीजजोडणीत ३० मिलिअँपिअर गळतीला प्रवाह तोडणारा खंडक बसविणे हे खात्रीचे उपाय आहेत.

(७) दंश व शेतघरातील इजा : जमिनीवर झोपणाऱ्या मुलांना साप व विंचू यांचा धोका अधिक असतो. खाटेचा व सर्व बाजूंनी खोचलेल्या मच्छरदाणीचा वापर, रात्री विजेरी घेऊन चालणे, पादत्राणे झटकून घालणे व गोवऱ्या-सरपणाचे ढीग घरापासून दूर रचणे यांमुळे तो कमी होतो. कोकणातील लाल विंचवाचा दंश लहान मुलांच्या हृदयक्रियेवर घातक परिणाम करतो. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन या औषधाची उपयुक्तता दाखवून दिली व त्यांचे निष्कर्ष १९८६ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दंशानंतर घाम, वांती व हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसताच मुलास रुग्णालयात न्यावे. कडबा कुट्टीच्या यंत्रात मुलांची बोटे व हात तुटतात. दिनेश मोहन (१९४५–२०२१) व त्यांचे सहकारी यांनी उत्तर भारतातील अशा अपघातांचा अभ्यास करून पात्याला आवरण व चाकाला अडसर असे स्वस्त बदल सुचविले. यंत्र बंद असताना मुले त्याच्याशी खेळतात, हे लक्षात घेऊन अडसराची योजना करण्यात आली.

शाळेतील अपघात : शाळेतील बहुसंख्य इजा मधल्या सुटीत, खेळाच्या तासाला व शाळा सुटताना जिन्यावर होतात. झोके, घसरगुंडी इ. साधनांखाली फरशी किंवा काँक्रीट न ठेवता वाळूचा जाड थर असावा. क्रीडांगणावरील दगड, काचा व गंजलेले खिळे नियमितपणे काढावेत. गोल-खांब पक्के रोवलेले असावेत. विटी, गोफण, बाण आणि कंपासपेटीतील टोकदार साधने यांमुळे डोळ्याला इजा होऊन दृष्टी जाऊ शकते. म्हणून विटी-दांडूच्या खेळात प्रेक्षकांनी ठराविक अंतरावर उभे राहण्याचा नियम असावा. प्रयोगशाळेत अम्ले कुलपात ठेवावीत व वाहते पाणी जवळ असावे. पाण्याच्या टाकीचे झाकण, वर्गातील वीजजोडणी व शाळेच्या फाटकाची मजबुती यांची तपासणी प्रत्येक सत्रापूर्वी करणे इष्ट होय.

शाळेच्या इमारतीतील दोषांमुळे होणारी हानी किती मोठी असते, हे दोन घटनांवरून स्पष्ट होते. तमिळनाडूतील कुंभकोणम् येथे १६ जुलै २००४ रोजी एका खाजगी शाळेच्या स्वयंपाकघरात लागलेली आग वर्गांवरील झावळ्यांच्या छपरापर्यंत पोहोचली. मार्ग अरुंद असल्याने मुलांना बाहेर पडता आले नाही व ९४ बालके मृत्युमुखी पडली. बिहारमधील सारण जिल्ह्यात १६ जुलै २०१३ रोजी मध्यान्ह भोजनानंतर २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. दोन्ही घटनांत संकट अज्ञात नव्हते : ज्वालाग्राही छप्पर व चुलीचे सान्निध्य आणि खाद्यपदार्थांत विष मिसळण्याची शक्यता यांचे धोके पूर्वीपासूनच माहीत होते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानून शाळांत अग्निशामक साधने व इमारतीच्या सुरक्षिततेची तपासणी आवश्यक ठरविली. प्रत्येक मजल्यावरून बाहेर पडण्यास दोन मार्ग, बाहेरच्या बाजूस उघडणारी दारे, मोकळे जिने, वर्गांपासून वेगळे स्वयंपाकघर, वाढण्यापूर्वी शिक्षकाने अन्नाची चव घेणे आणि वर्षातून किमान दोनदा शाळा रिकामी करण्याची रंगीत तालीम या गोष्टी प्रत्येक शाळेत असाव्यात.

प्रथमोपचार : योग्य प्रथमोपचाराने इजेची तीव्रता कमी होते, तर चुकीच्या उपचाराने ती वाढते. भाजलेल्या भागावर सु. २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे; शाई, तूप, हळद, दंतमंजन किंवा बर्फ लावू नये. रॉकेल वा अम्ल प्यालेल्या मुलास ओकारी करवू नये, कारण रॉकेल फुप्फुसात शिरून शोथ होतो व अम्लाने अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. विषाचा डबा अथवा वेष्टन बरोबर घेऊन रुग्णालयात जावे. श्वासमार्गात वस्तू अडकून खोकताही येत नसल्यास एक वर्षाखालील बालकास हातावर पालथे, डोके खाली ठेवून पाठीवर पाच थापा व नंतर उताणे करून छातीच्या मध्यावर पाच दाब द्यावेत. मोठ्या मुलास पाठीवर पाच थापा व मागून कवळून बेंबीच्या वर पाच आकस्मिक दाब द्यावेत. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नये. सर्पदंशात जखम कापणे, चोखणे व घट्ट आवळपट्टी बांधणे वर्ज्य असून तो अवयव न हलविता मुलास लवकरात लवकर रुग्णालयात पोहोचवावे. विजेचा धक्का बसलेल्या मुलास स्पर्श करण्यापूर्वी वीजप्रवाह बंद करावा. खेळताना निखळलेला कायमचा दात मुळाला न धरता उचलून दुधात ठेवावा व अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्याकडे न्यावा. तो पुन्हा बसविता येतो. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

सामाजिक व वैधानिक उपाय : कुटुंबाच्या आवाक्याबाहेरील धोके शासनाला व समाजालाच दूर करावे लागतात. उघड्या कूपनलिकांत मुले पडण्याच्या घटनांनंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांनुसार खोदाईपूर्वी किमान १५ दिवस लेखी सूचना देणे, काम चालू असताना काटेरी तारेचे कुंपण घालणे, नळीचे तोंड लोखंडी झाकणाने बंद करणे आणि सोडून दिलेली कूपनलिका तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू व दगड यांनी भरणे आवश्यक आहे. असे अपघात तरीही घडत राहिले आहेत. त्यांचे कारण ज्ञानाचा अभाव हे नसून अंमलबजावणीतील शैथिल्य हे होय.

स्वीडनमध्ये शासन, वैद्यक व्यावसायिक आणि स्वयंसेवी संस्था यांनी १९५० नंतरच्या दशकात संयुक्त प्रयत्न सुरू केले. घरांची रचना, रस्त्यांची आखणी, पोहण्याचे शिक्षण व पालकांचे प्रबोधन यांचा त्यांत समावेश होता. युनिसेफने २००१ मध्ये केलेल्या तुलनेत श्रीमंत राष्ट्रांपैकी अपघाती बालमृत्यूंचे सर्वांत कमी प्रमाण स्वीडनमध्ये आढळले.

प्रतिबंधाचा अर्थ मुलांना खेळापासून परावृत्त करणे असा नव्हे. झाडावर चढणे, धावणे, पोहणे व पडून पुन्हा उठणे हे वाढीला आवश्यकच असते. गुडघा खरचटणे ही बाल्याची सामान्य घटना होय. कठडा नसलेली गच्ची, झाकण नसलेला हौद व सरबताच्या बाटलीतील कीटकनाशक या मात्र प्रौढांनी निर्माण केलेल्या परिस्थिती आहेत. त्या दूर करण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच येते.